बालकांचे वकील गिजुभाई

जून महिना अर्धा सरला कीं महाराष्ट्रांतील बहुतेक शाळांचे दरवाजे पुन्हां उघडतात. नवीं पुस्तकें, नवीं दप्तरें घेऊन पहिल्या पावसानें भिजलेलीं मुलें वर्गांत येऊन बसतात. गुरुजी पहिला धडा उघडतात, आणि त्या क्षणापासून चाळीस-पन्नास मुलांची पलटण एकाच पावलानें चालविली जाऊं लागते. ज्याला तो धडा घरींच समजला आहे तो कंटाळतो. ज्याला मागील इयत्तेचीच वजाबाकी नीट उमगलेली नाहीं तो पहिल्या पंधरवड्यांतच मागें पडतो. आणि मधल्या थोड्या मुलांकरितां सर्व शिक्षण चाललेलें असतें. दिवाळीच्या सुटीपर्यंत वर्गांत हुशार कोण आणि ढ कोण याचा निकाल लागून गेलेला असतो. हा निकाल देतांना त्या मुलाची बाजू कोणीं ऐकली, पुरावा कोणीं तपासला, असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे चाल नाहीं.

आमचें आयुष्य कोर्टकचेऱ्यांच्या वातावरणांत गेलें असल्यामुळें आम्हांस ही गोष्ट विशेष खटकते. न्यायमंदिरांत कितीही गर्दी असो, प्रत्येक दाव्याला स्वतंत्र क्रमांक असतो, प्रत्येक पक्षकाराचा पुकारा होतो, आणि प्रत्येकाची कैफियत वेगळी दाखल करून घ्यावी लागते. पन्नास आरोपींस एका रांगेंत उभें करून कोणाचेंही न ऐकतां सर्वांस एकच शिक्षा फर्माविणाऱ्या न्यायाधीशाचा हुकूम वरच्या कोर्टांत एक दिवसही टिकणार नाहीं. मग जी दाद आपण गुन्ह्याचा आरोप असलेल्या इसमास देतों, ती सहा वर्षांच्या निरपराध मुलास शाळेंत कां मिळूं नये? हा प्रश्न केवळ विचारून जे थांबले नाहींत, तर त्याच्या उत्तरासाठीं ज्यांनीं चालती वकिली सोडून दिली, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. गिजुभाई बधेका यांचें देहावसान २३ जून १९३९ रोजीं, म्हणजे शाळा उघडण्याच्या याच दिवसांत झालें, एवढें निमित्त आम्हांस पुरेसें आहे.

गिजुभाईंचें मूळ नांव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजीं सौराष्ट्रांतील चितळ या गांवीं झाला. त्या काळच्या गांवठी शाळेंत घोकंपट्टीचें राज्य होतें आणि छडी ही त्या राज्याची पोलीस होती. त्या शाळेच्या आठवणी गिजुभाईंच्या मनांत जन्मभर सलत राहिल्या, आणि पुढें त्यांनीं जें जें लिहिलें त्यांत मार खाणाऱ्या मुलाची कड सोडली नाहीं. भावनगरच्या ज्या सामळदास कॉलेजांत त्यांच्या आधीं गांधीजींनीं एक सत्र काढलें होतें, तेथेंच गिजुभाईही कांहीं काळ शिकले. पण शिक्षण अर्धवट सोडून १९०७ सालीं ते उदरनिर्वाहासाठीं पूर्व आफ्रिकेस गेले. परक्या मुलुखांत स्वतःचें काम स्वतः करण्याची जी संवय त्यांना लागली, तीच पुढें त्यांच्या शिक्षणविचाराचा एक पाया झाली. जें मूल स्वतःच्या हातानें बूट घालूं शकतें त्याला दुसऱ्यानें बूट घालूं नये, ही साधी गोष्ट त्यांना पटली ती कोणा पंडिताच्या ग्रंथांतून नव्हे, तर आधीं अनुभवांतून.

१९०९ सालीं स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं मुंबईस येऊन कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथें वकिली सुरू केली. धंदा चांगला चालूं लागला. त्या काळांत वकिलीचा धंदा म्हणजे मान, पैसा आणि सार्वजनिक पुढारीपण या तिन्हींची किल्ली होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. गिजुभाई त्याच वाटेनें गेले असते तर काठेवाडांतील एक नामांकित वकील म्हणून त्यांचें नांव दोन पिढ्या टिकलें असतें आणि मग विसरलें गेलें असतें. पण १९१३ सालीं त्यांना मुलगा झाला, आणि या एका घटनेनें त्यांच्या आयुष्याचा ओघ बदलला.

मुलगा झाला म्हणजे बाप पेढे वांटतो, कुंडली करवितो. क्वचित् एखादा विम्याचा विचार करतो. गिजुभाईंस मात्र वेगळीच काळजी लागली. आपण ज्या शाळेंत रडत गेलों त्याच प्रकारच्या शाळेंत या मुलास घालावयाचें काय, हा तो विचार होय. ही काळजी त्यांनीं मित्रांजवळ बोलून दाखविली. वसो येथील मोतीभाई अमीन हे शिक्षणाच्या आणि ग्रंथालयांच्या कार्याला वाहून घेतलेले गृहस्थ. त्यांच्याकडून गिजुभाईंस इटालींतील मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीची माहिती मिळाली. माँटेसरीबाईंच्या मुख्य ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९१२ सालीं प्रसिद्ध झालेलें होतें. वकिलानें एखाद्या अवघड खटल्याचे कागद वाचावे तशा बारकाईनें गिजुभाईंनीं हें वाङ्मय वाचून काढलें.

येथें या पद्धतीच्या उगमाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कारण आमच्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. मारिया माँटेसरी या १८९६ सालीं रोमच्या विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टर. त्यांचें पहिलें कार्य शहाण्या, सुखवस्तु घरच्या मुलांत झालें नाहीं. जीं मुलें मंदबुद्धि म्हणून वेड्यांच्या इस्पितळांत टाकलेलीं होतीं, त्यांच्यांत झालें. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांनीं अशा मुलांसाठीं पूर्वीं जे प्रयत्न केले होते ते अभ्यासून त्यांनीं प्रत्येक मुलाच्या हातांत त्याला पेलेल असें साधन दिलें, त्याला लागेल तितका वेळ दिला, आणि तें पुढें कसें जातें हें पाहिलें. त्यांच्यापैकीं कांहीं मुलें लिहावयास-वाचावयास शिकून सामान्य मुलांच्या परीक्षेंत उतरलीं, तेव्हां सर्वांनीं आश्चर्य केलें. बाईंस मात्र निराळेंच आश्चर्य वाटलें. हीं मुलें जर येथवर येऊं शकतात, तर धडधाकट मुलें शाळेंत इतकीं मागें कशामुळें राहतात, असा विचार त्यांच्या मनांत आला. १९०७ सालीं रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें तें या विचाराचें फळ होय. तात्पर्य, प्रत्येक मुलाकडे वेगळें पाहण्याची ही पद्धति श्रीमंतांचे चोचले पुरविण्यासाठीं निघालेली नाहीं. समाजानें ज्यांस निकालांत काढलें होतें त्यांच्यासाठींच ती जन्मास आली.

भावनगरांत नृसिंहप्रसाद ऊर्फ नानाभाई भट्ट यांनीं १९१० सालीं श्रीदक्षिणामूर्ति विद्यार्थिभवन स्थापन केलें होतें. सामळदास कॉलेजांतील अध्यापकाची जागा सोडून नानाभाईंनीं या संस्थेस वाहून घेतलें. १९१६ सालीं गिजुभाई वकिलीची सनद गुंडाळून ठेवून या संस्थेंत दाखल झाले. घरीं बायको, लहान मूल. संस्थेचें वेतन तुटपुंजें. आणि नातलगांच्या दृष्टीनें हा निव्वळ वेडेपणा. पण ज्या मनुष्यानें आपल्या अशिलाचा पक्ष एकदां न्याय्य म्हणून स्वीकारला, तो फी किती मिळेल हें पाहून मागें फिरत नाहीं. गिजुभाईंचे अशील आतां बदलले होते एवढेंच.

प्रथम त्यांच्याकडे मोठ्या मुलांच्या शाळेचें काम आलें. तेथें चार वर्षें शिकविल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, या वयांत सुधारणा करूं जाणें म्हणजे भिंत उभी राहिल्यावर पाया दुरुस्त करणें होय. भीति, घोकण्याची संवय, शेजाऱ्यास मागें टाकण्याची ईर्षा आणि स्वतःविषयींचा न्यूनगंड हीं सर्व मुलें खालच्या इयत्तांतूनच बरोबर घेऊन येत. म्हणून १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांनीं अडीच-तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठीं बालमंदिर काढलें. १९२२ सालीं टेकडीवरील त्याच्या नव्या इमारतीचें उद्घाटन कस्तुरबांच्या हस्तें झालें. ज्या काळांत आपल्या देशांतील बहुतेक आईबापांस तीन वर्षांच्या मुलाला शिक्षण असतें हेंच ठाऊक नव्हतें, त्या काळांतली ही गोष्ट आहे.

या बालमंदिरांत काय चाले, हें थोडें तपशिलानें सांगतों. तेथें मुलांना बसण्यास बाकांच्या रांगा नव्हत्या. मुलांच्या हातास पोंचतील अशा उंचीवर साधनें मांडलेलीं असत. प्रत्येकानें आपल्या मनानें साधन घ्यावें, चटईवर बसून त्याच्याशीं खेळावें, आणि पुरें झालें म्हणजे जागच्या जागीं ठेवावें. यांतलें एक साधन म्हणजे लाकडी ठोकळ्यांत बसविलेले दहा दट्टे. प्रत्येक दट्टा आपल्याच खांचेंत नेमका बसतो. मुलानें एक चुकवला तर शेवटीं एक दट्टा हातांत उरतो, आणि चूक झाली हें त्याला कोणीं न सांगतां कळतें. मास्तरांची छडी नाहीं, शेजाऱ्याचें हंसणें नाहीं. चूक आणि मूल यांची गांठ परस्पर पडते. तेंच मूल पुन्हां दट्टे काढतें आणि पुन्हां बसवितें. एकाला तें दोन दिवसांत साधतें, दुसऱ्याला दोन आठवडे लागतात. पण ज्याला दोन आठवडे लागले त्याला कोणीं मागें पडलेला म्हणत नाहीं, कारण जेथें शर्यतच लावलेली नाहीं तेथें मागें-पुढें कोण ठरणार? वाळूच्या खरखरीत कागदाचीं अक्षरें बोटानें गिरवून मूल अक्षर ओळखूं लागे, पाटी-पेन्सिल त्यानंतर. प्रत्येक प्रकारचें साधन खोलींत एकच ठेवावें, ही माँटेसरीबाईंची शिस्त. त्यामुळें दुसऱ्याचें होईपर्यंत थांबणें हें मुलांना उपदेशावांचून समजे.

मग शिक्षकाचें काम काय? तें कमी झालें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एक दिवस तें करून पाहावें. शिक्षकानें कोणतें मूल कोणत्या साधनाकडे वळतें, किती वेळ रमतें, कोठें अडतें, कोणत्या दिवशीं रुसून बसतें, हें डोळ्यांत तेल घालून पाहावयाचें आणि टिपून ठेवावयाचें. नेमक्या वेळीं, नेमकें तेवढेंच दाखवावयाचें, आणि मग बाजूला व्हावयाचें. हें निरीक्षण म्हणजेच आमच्या भाषेंत पुरावा गोळा करणें होय. पुरावा हातीं येण्यापूर्वीं मत बनवावयाचें नाहीं, हा न्यायाचा पहिला धडा गिजुभाईंनीं न्यायालयांतून वर्गांत नेला असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

तथापि गिजुभाई हे माँटेसरीबाईंचे आंधळे भक्त नव्हते, आणि याबद्दल आम्हांस त्यांचा विशेष अभिमान वाटतो. परदेशांतून आलेली वस्तु जशीच्या तशी डोक्यावर घेणें किंवा परदेशी म्हणून ती जशीच्या तशी फेंकून देणें, हे दोन्ही प्रकार आपल्याकडे चालतात. गिजुभाईंनीं तिसरा मार्ग धरला. माँटेसरीबाई लहान मुलांस काल्पनिक, अद्भुत गोष्टी सांगण्यास फारशा अनुकूल नव्हत्या. गिजुभाईंस मात्र आपल्या देशांतील आजीच्या मांडीवरचें खरें शिक्षण गोष्टींतच दिसलें. म्हणून त्यांनीं सौराष्ट्रांतील लोककथा वेंचल्या, मुलांसाठीं सोप्या भाषेंत लिहिल्या, आणि गोष्ट कशी सांगावी याचें एक शास्त्रच गुजरातींत लिहिलें. गाणीं, नाटकें, मातीकाम, सहली, झाडें-पाखरें यांस बालमंदिरांत मानाचें स्थान मिळालें. कारण उघड आहे. एक मूल दट्ट्यांत रमतें, दुसरें गाण्यांत, तिसरें मातींत. शिकण्याचीं दारें अनेक असतां एकच दार उघडून तेथें सर्वांस लोटूं गेल्यास कांहीं मुलें बाहेरच राहावयाचीं. गिजुभाईंनीं लहानमोठीं मिळून शंभराहून अधिक पुस्तकें लिहिलीं. लोक त्यांना प्रेमानें मूछाळी मा, म्हणजे मिशांची आई, म्हणूं लागले. एका पुरुषास याहून मोठी पदवी कोणतें विद्यापीठ देणार?

त्यांच्या पुस्तकांपैकीं ज्याचीं भाषांतरें अनेक भाषांत झालीं आणि जें आजही शिक्षकांच्या हातांत दिसतें, तें ‘दिवास्वप्न’ १९३० च्या दशकाच्या आरंभीं प्रसिद्ध झालें. हें पुस्तक कथारूप आहे. लक्ष्मीशंकर नांवाचा एक तरुण शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याकडे जाऊन साध्या सरकारी शाळेची चौथीची तुकडी एका वर्षापुरती प्रयोगासाठीं मागून घेतो. पहिल्याच दिवशीं तो मुलांस शांततेचा खेळ सांगतो आणि तो साफ फसतो. मुलें आरडाओरड करतात आणि तो खजील होतो. पुस्तकांत लिहिलेलें आणि वर्गांत घडणारें यांत अंतर असतें हें गिजुभाईंनीं पहिल्याच पानांत प्रामाणिकपणें कबूल केलें आहे. दुसऱ्या दिवशीं लक्ष्मीशंकर गोष्ट सांगूं लागतो, आणि तोच वर्ग गप्प होऊन ऐकतो. पुढें सर्वांनीं एकच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजीं निरनिराळीं पुस्तकें आणून तो वर्गाचें छोटें ग्रंथालय करतो, म्हणजे ज्याला जें झेपेल आणि आवडेल तें त्यानें वाचावें. शेजारचे मास्तर कुचेष्टा करतात, पालक कुरकुरतात, अधिकारी मधूनमधून साशंक होतो. आणि वर्षाअखेरीस परीक्षा तर द्यावयाचीच असते. कथा काल्पनिक असली तरी तींतला प्रत्येक आक्षेप आजच्या शिक्षकांच्या खोलींत ऐकूं येतो.

महाराष्ट्राचा आणि गिजुभाईंचा संबंध केवळ पुस्तकी नाहीं. आपल्या ताराबाई मोडक या १९२३ सालीं भावनगरास जाऊन त्यांच्या सहकारी झाल्या. त्या दोघांनीं मिळून १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि ‘शिक्षणपत्रिका’ चालविली. पुढें ताराबाई मुंबईस परतल्या, १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झालें, आणि १९४५ सालीं त्यांनीं ठाणे जिल्ह्यांतील, हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील, बोर्डी या गांवीं ग्राम बालशिक्षण केंद्र काढलें. तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरींचीं महाग साधनें वारली पाड्यांस परवडणार नव्हतीं. म्हणून ताराबाईंनीं आणि अनुताईंनीं खडे, शिंपले, बिया, पानें यांचींच साधनें केलीं. मूल शाळेंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणांत जावी, या विचारांतून आंगणवाडी निघाली. आणि गुरें राखावयास गेलेल्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरूं लागली. गुरें राखणाऱ्या मुलास शाळेच्या वेळेवर आणण्यापेक्षां शाळेनें त्याच्या वेळेवर जावें, ही गिजुभाईंच्या विचाराची पुढची पायरी होती. भारत सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांस आंगणवाडी हेंच नांव पडलें. गरिबाच्या अंगणांतून निघालेला शब्द साऱ्या देशाच्या सरकारदरबारीं गेला, हें मराठी माणसानें विसरूं नये.

गिजुभाई हे बालमंदिराच्या चार भिंतींत स्वतःस कोंडून घेणारे नव्हते. १९३० च्या सत्याग्रहाच्या दिवसांत ते राष्ट्रकार्यांत उतरले. मुलांच्या वानरसेना उभारण्यांत आणि प्रौढांस अक्षरओळख करून देण्याच्या खटपटींत त्यांनीं भाग घेतला. आमच्या मतें त्यांच्या राष्ट्रभक्तीचें खरें स्वरूप मात्र बालमंदिरांतच दिसतें. जो मुलगा छडीच्या भयानें उत्तर देतो, तोच मोठा होऊन अंमलदाराच्या भयानें मान डोलावितो. स्वातंत्र्याची पहिली संथा तिसऱ्या वर्षीं मिळाली तर तिसाव्या वर्षीं ती शिकवावी लागत नाहीं. १९३६ सालीं गिजुभाई दक्षिणामूर्तींतून निवृत्त झाले, आणि पुढें राजकोटास शिक्षक तयार करण्याचें कार्य त्यांनीं आरंभिलें. पण अखंड श्रमानें देह झिजलेला होता. वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं मुंबईस त्यांचें निधन झालें.

आतां या चरित्राकडे केवळ हात जोडून पाहणें आम्हांस पसंत नाहीं. गिजुभाईंच्या कार्यावर घेतले जाणारे आक्षेप खरे आहेत, ते ऐकले पाहिजेत. एक तर भावनगरचें बालमंदिर बहुतांशीं शहरांतील सुस्थित कुटुंबांच्या मुलांसाठीं होतें. गरिबाच्या मुलापर्यंत ही पद्धति पोंचविण्यास ताराबाई आणि अनुताई यांचें आयुष्य खर्ची पडावें लागलें. दुसरें, त्यांच्या लेखनांत भावनेचा ओलावा पुष्कळ, पण मोजमाप थोडें. एखाद्या मुलानें किती प्रगति केली याचा हिशेब त्यांतून नेहमीं हातीं लागत नाहीं. तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. एकट्या शिक्षकानें चाळीस मुलांकडे चाळीस प्रकारें लक्ष द्यावें तरी कसें? हा आक्षेप आळशी शिक्षकाचा नाहीं, प्रामाणिक शिक्षकाचा आहे, आणि त्याचें उत्तर शिक्षकास उपदेश करून देतां येणार नाहीं.

त्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ सालीं झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या २४ व्या कलमानें शिक्षकांचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता तपासून त्याप्रमाणें जरूर तें जादा शिक्षण द्यावें, हें स्पष्ट कर्तव्य आहे. सर्व वर्गाची नव्हे, प्रत्येक बालकाची. हा शब्द वकिलाच्या नजरेंतून सुटत नाहीं. १७ व्या कलमानें छडी आणि मानसिक छळ यांस बंदी केली. २७ व्या कलमानें जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण यांखेरीज इतर बिनशैक्षणिक कामांस शिक्षक जुंपण्यास मनाई केली. प्राथमिक शाळेंत साधारण तीस मुलांमागें एक शिक्षक असावा, असें त्याच कायद्याचें परिशिष्ट सांगतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें वाचन, लेखन वा गणित यांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमतेसही दिव्यांगत्वांत गणलें. म्हणजे ज्याला अशा अक्षमतेमुळें वाचणें जड जातें त्या मुलास ढ म्हणणें हें आतां केवळ अनुदारपणाचें नव्हे, तर त्याचा हक्क बुडविण्याचें कृत्य आहे. गिजुभाईंनीं शंभर वर्षांपूर्वीं जी मागणी केली तिचा हुकूमनामा झालेला आहे. उणीव आहे ती बजावणीची.

आणि बजावणीच्या ऐवजीं आपण करतों काय? मूळ कायद्यांत आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गांत न ठेवण्याची तरतूद होती. तिचा अर्थ मुलास न शिकवितां वर ढकलावें असा कित्येकांनीं करून घेतला. मग मुलें कच्चीं राहिलीं अशी ओरड झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवींत परीक्षा घेऊन मुलास मागें ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. या दोन्ही टोकांस आमचा सारखाच विरोध आहे. न शिकवितां पुढें ढकलणें आणि न शिकवितां मागें ठेवणें या दोहोंत न शिकविणें हें समान आहे. चूक शाळेची आणि शिक्षा मुलास, हा न्याय कोणत्या स्मृतींत सांगितला आहे? पहिलींत जी वजाबाकी अडली ती पहिलींतच सोडविली असती, तर पांचवीच्या परीक्षेची धास्ती कोणास वाटली नसती.

म्हणून आमचें सरकारास, संस्थाचालकांस आणि पालकांस सांगणें असें आहे. शाळेचा पहिला महिना धडे संपविण्याच्या घाईंत घालवूं नये. प्रत्येक मुलास जवळ बसवून त्याला काय येतें आणि कोठें अडतें हें शिक्षकानें टिपून घ्यावें, आणि वर्गाचे तास त्या टिपणावरून आंखावे. एका तासांत तीनचार गट करून एकास गोष्टीचें पुस्तक, दुसऱ्यास मणी-काड्यांचें गणित, तिसऱ्यास शिक्षकाजवळची जागा द्यावी. याला इटालींतून पेट्या मागवाव्या लागत नाहींत, कोसबाडच्या खड्या-शिंपल्यांवर तें झालेलें आहे. सरकारानें रिकाम्या जागा भराव्या, आणि कायद्यानें मना केलेलीं कामें शिक्षकांच्या माथीं मारण्याचें थांबवावें. ज्या शिक्षकाचा दिवस तक्ते भरण्यांत जातो, त्यानें मुलाचें तोंड केव्हां पाहावयाचें? संस्थाचालकांनीं पहिल्या नंबरांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापण्याऐवजीं शेवटच्या बाकावरच्या मुलाचें काय केलें याचा वृत्तांत द्यावा. तो छापण्यास आम्ही जागा देऊं. आणि पालकांनीं शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याची संवय सोडून आपल्या मुलास आज नवें काय आलें हें विचारावें.

हें सर्व खर्चाचें आणि कष्टाचें आहे, हें आम्ही जाणतों. गिजुभाईंसही तें फुकट पडलें नाहीं. मान, पैसा आणि अखेरीस प्रकृति, इतकें त्यांनीं त्यासाठीं मोजलें. प्रत्येक शिक्षकानें तितका त्याग करावा असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु ज्या शाळेंत रोज सकाळीं हजेरीपटावरून प्रत्येक मुलाचें नांव वेगळें पुकारलें जातें, त्याच शाळेंत हजेरी संपतांच तीं सर्व नांवें पुसून जावीं आणि फक्त वर्ग उरावा, हें तरी आपण किती दिवस चालूं द्यावयाचें? हजर म्हणून उभ्या राहिलेल्या मुलाची कैफियत दिवसभरांत एकदां तरी ऐकली जावी, एवढीच या बालकांच्या वकिलाची मागणी होती, आणि ती आजही दाव्यांत पडून आहे.